यावल, फैजपूर आणि पालचं जंगल : डिसेंबरातली खान्देश फेरी

खान्देशात फिरायला जाणारे बहुतेक लोक जळगावला उतरतात आणि तिथून सरळ अजिंठ्याला निघून जातात. तापीच्या उत्तरेला, नदी आणि सातपुडा यांच्या मधे जो यावल-रावेरचा पट्टा आहे तिकडे फारसं कुणी वळत नाही, आणि मला हे कायम खटकत आलंय. देशभरात जी जळगावची केळी म्हणून विकली जातात त्यातली कितीतरी याच पट्ट्यातली, गांधी-नेहरूंच्या काळातलं खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन इथलं, आणि डोक्यावर लगेच अभयारण्य. यावेळी नाताळच्या सुट्टीत मी, बायको आणि नववीतली लेक असे तिघं निघालो, मुक्काम यावलला मावशीकडे. तिथे काय बघितलं, काय खाल्लं आणि काय कळलं ते दिवसावारी लिहितोय.

पहिला दिवस : भुसावळ ते यावल

सकाळी भुसावळला उतरलो तेव्हा चांगलीच थंडी होती, म्हणजे ज्या गावाचं नाव उन्हाळ्यात 45 डिग्रीसाठी पेपरात येतं तिथे लोक स्टेशनबाहेर शेकोटी करून बसलेले. मावसभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, गाडी घेऊन आला होता. भुसावळ सोडलं की लगेच तापीचा पूल लागतो, आणि पूल ओलांडला की थोड्याच वेळात समोर निळसर रेघ दिसायला लागते तो सातपुडा. मग ती रेघ पूर्ण ट्रिपभर तुमची पाठ सोडत नाही, कुठल्याही शेतात उभं राहा, उत्तरेला डोंगर आहेच.

यावल हे तालुक्याचं गाव, बाजारपेठ, एसटी स्टँड, खतांची आणि ठिबकच्या पाइपांची दुकानं, असं सगळं शेतीभोवती फिरणारं. पण जुनं आहे. शिंद्यांच्या ताब्यातला हा मुलूख, त्यांच्याकडून 18व्या शतकाच्या शेवटी तो निंबाळकरांकडे आला आणि गावातला किल्ला त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे 19व्या शतकात गाव इंग्रजांकडे गेलं. दुपारी चहा झाल्यावर आम्ही किल्ल्यावर गेलो. तो कुठे डोंगरावर वगैरे नाही, गावातच उंचवट्यावर आहे, बुरूज आणि तटाचा बराचसा भाग अजून उभा आहे, आत झुडपं माजलीयत आणि कडेला कचरा टाकतात ते बघून फार वाईट वाटलं. बुरुजावर उभं राहिलं की एका बाजूला घरांची कौलं-पत्रे-स्लॅब आणि पलीकडे हिरवंगार केळीचं रान, त्यामागे डोंगर, हे बघितल्यावर इथे किल्ला का बांधला असेल ते कुणी सांगायची गरज उरत नाही.

अजून एक गोष्ट दादाने सांगितली जी मला माहिती नव्हती, की यावल एकेकाळी हातकागदासाठी आणि निळीसाठी प्रसिद्ध होतं. आज दोन्ही धंद्यांचा मागमूस नाही. कागद करायला पाणी लागतं, नीळ काढायला तर हौदच्या हौद पाणी लागतं, म्हणजे त्या काळी इथल्या नद्या बारमाही किंवा तशाच असणार असा विचार मनात आला, आणि मग पुढचे सगळे दिवस पाण्याचाच विषय निघत राहिला, मी मुद्दाम काढला नाही तरी.

संध्याकाळी व्यास मंदिरात गेलो. हडकाई-खडकाईच्या काठावर महर्षी व्यासांचं हे देऊळ, व्यासांची देवळं आपल्याकडे फारशी नाहीतच, त्यामुळे गुरुपौर्णिमेला इथे तुफान गर्दी होते. आम्ही गेलो तेव्हा मोजकी माणसं होती. नदीत पाणी नव्हतंच म्हटलं तरी चालेल. पुजाऱ्यांशी गप्पा मारत असलेले एक आजोबा म्हणाले, आमच्या लहानपणी याच नदीत पोहायचो. 

रात्री भरीत. याच्यासाठी वेगळा लेख लिहायला पाहिजे खरं तर. डिसेंबर म्हणजे भरताचा सीझन, वांगी बामणोदची, बामणोद याच तालुक्यातलं गाव, हिरवट-पांढरी मोठी वांगी, बिया कमी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला दोघांनाही 2016 मधे जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. वांगी गॅसवर नाही भाजत, शेतातल्या कापसाच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यात भाजतात, त्याचा धुरकट वास भरताला लागतो तो कुठल्याच हॉटेलात येत नाही. मग सालं काढून लाकडी भांड्यात लाकडाच्याच दांड्याने हिरवी मिरची आणि लसणाबरोबर ठेचायचं, वरून शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर आणि तेलाची फोडणी. सोबत कळण्याची पुरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची. पंगत केळीच्या पानावर. मावशी वाढता वाढता म्हणत होती, "अजून घे रे भो, पोरीले पन वाढ, शहरात काय भेटते तुमाले." लेक तिखटाने लाल झाली तरी ताटावरून उठली नाही.

दुसरा दिवस : केळीची बाग आणि फैजपूर

पहाटे पाचला दादाने उठवलं कारण बागेत धूर करायचा होता. केळीला थंडी सोसत नाही, पारा दहाच्या खाली गेला की वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, घड नीट भरत नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत रात्रीचं पाणी देतात आणि पहाटे बांधावर ओला-सुका पाचोळा पेटवून धूर करतात. वारा अडवायला बागेच्या कडेने शेवरीची झाडं लावलेली असतात. उन्हाळ्यात उलटं, 44-45 डिग्रीत उष्ण वारं पानं फाडतं आणि मे-जूनच्या वादळात तर उभ्या बागा आडव्या होतात, तासाभरात वर्षाची कमाई जमिनीवर. केळी वर्षभर बाजारात दिसते म्हणून वाटतं हे सोपं पीक असेल, पण एवढं नाजूक पीक मी दुसरं बघितलं नाही.

बागेतून फिरताना दादा बोलतच होता. जून-जुलैत लावली तर मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावली तर कांदेबाग. पहिल्या लावणीची केळी ती नवती, आणि त्याच खोडाच्या पिलावर घेतलेलं दुसरं पीक पिलबाग, बाजारात यांचे भाव वेगवेगळे निघतात. पूर्वी बसराई, श्रीमंती अशा जाती असायच्या, आता जवळपास सगळीकडे जी-नाईन आणि तीही टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली रोपं, त्यामुळे सगळी बाग एकदम कापणीला येते. चांगल्या घडांना वरून पातळ पिशव्या घातलेल्या दिसल्या, एक्सपोर्टला जाणाऱ्या मालाला डाग चालत नाही म्हणून. आणि मग तो हरण्या रोग, म्हणजे सीएमव्ही व्हायरस, ज्याने मधे काही वर्षं शेतकऱ्यांना रडवलं, त्यावर औषधच नाही, पानावर पट्टे दिसले की ते झाड उपटून लांब नेऊन पुरायचं किंवा जाळायचं, एवढाच उपाय. दादाने शेजारच्या शेतातली रिकामी जागा दाखवली, तिथली अर्धी लागवड अशीच उपटून टाकली होती. भावाचं म्हणाल तर रोज सकाळी मोबाईलवर बऱ्हाणपूरचा आणि रावेरचा दर बघायचा आणि व्यापाऱ्याच्या फोनची वाट बघायची. एकदा घड तयार झाला की थांबता येत नाही, कापूस घरात ठेवता येतो, केळी ठेवता येत नाही.

मी विचारलं बोअर किती खोल आहे. आधी हसला, मग म्हणाला, वडिलांच्या वेळेला विहिरीतच पाणी होतं, आता ती विहीर कोरडी आहे आणि बोअर दर काही वर्षांनी अजून खाली न्यावं लागतं. त्याचं कारणही त्याला नीट माहिती होतं. सातपुडा संपतो आणि सपाटी सुरू होते तिथे पायथ्याला दगडगोटे आणि जाड वाळूचा एक लांबच लांब पट्टा आहे, बझाडा म्हणतात त्याला, डोंगरातून येणाऱ्या नद्यांनी हजारो वर्षांत टाकलेला. सुकी, मोर, भोकर, अनेर या नद्या डोंगर उतरल्या की त्या पट्ट्यात पाणी जिरतं आणि तेच जमिनीखालून इकडे बागांना मिळतं. म्हणजे दादाच्या ठिबकच्या नळीतून पडणारा थेंब हा वरच्या जंगलात पडलेला पाऊस आहे. ठिबक आल्यावर पाणी वाचलं, हे खरं, पण त्याच पाण्यावर लोकांनी अजून जास्त एकर केळी लावली, हेही दादानेच सांगितलं.

दुपारी फैजपूर. यावलहून अर्ध्या तासाच्या आत पोहोचतो. जुन्या काळी हे गाव लाकडाच्या बाजारासाठी आणि कापडावरच्या छपाईसाठी, लाल आणि गडद निळ्या रंगासाठी माहिती होतं, तो निळा रंग बहुतेक यावलच्या निळीतूनच येत असावा असं मला वाटून गेलं. पण फैजपूरचं नाव इतिहासात आलं ते डिसेंबर 1936 मुळे. तोवर काँग्रेसची अधिवेशनं शहरांत भरायची, गांधीजींचा आग्रह की ते खेड्यात भरवा, आणि पन्नासावं अधिवेशन 27-28 डिसेंबरला इथे झालं, अध्यक्ष पंडित नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. धनाजी नाना चौधरींसारख्या इथल्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी जीव ओतला. टिळकनगर नावाचं अख्खं गाव उभं केलं, तेही बांबू, चटया आणि गावातल्या साध्या सामानातून, आणि त्याची सजावट कुणाची तर शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांची. नेहरूंची मिरवणूक मोटारीतून नाही, सजवलेल्या बैलगाडीच्या रथातून निघाली.

झेंड्याची गोष्ट तर इथे लहान पोरांनाही ठाऊक आहे, की उंच खांबावर झेंडा चढवताना मधेच अडकला, हजारो लोक बघतायत आणि कुणाला काही सुचेना, तेव्हा शिरपूरकडचा एक तरुण सरसर खांबावर चढला आणि झेंडा मोकळा करून खाली उतरला. मावशीचे सासरे तेव्हा पोरवयात होते, ते घरच्यांबरोबर बैलगाडीने गेले होते आणि म्हातारपणापर्यंत ती गर्दी आठवून सांगायचे. मला स्वतःला मात्र या सगळ्यापेक्षा तिथे मंजूर झालेला शेतीविषयक कार्यक्रम जास्त मोठा वाटतो. जमिनीचा सारा आणि कुळाने द्यायचा खंड कमी करा, शेतकऱ्याच्या कर्जाला सवलत द्या, या मागण्या शेतकऱ्यांच्याच गावात बसून लिहिल्या गेल्या. आम्ही गेलो ते दिवसही नेमके त्या तारखांच्या आसपासचे, पण गावात चौकशी केली तर तरुण पोरांना केळीचा आजचा भाव माहिती होता आणि 1936 ची तारीख जुन्या माणसांनाच. माझं प्रामाणिक म्हणणं आहे की त्या दोन दिवसांत दरवर्षी इथे काहीतरी व्हायला हवं, निदान जुन्या फोटोंचं प्रदर्शन तरी.

तिसरा दिवस : खिरोदा, पाल आणि जंगल

सकाळी सावदा, खिरोदा करत पालकडे निघालो. खिरोदा हे धनाजी नानांचं गाव, तिथे सप्तपुट ललित कला भवन आहे, एवढ्या छोट्या गावात चित्रकलेचं कॉलेज असणं हीच मोठी गोष्ट, आम्हाला वेळ नव्हता म्हणून बाहेरूनच बघितलं. खिरोद्याच्या पुढे रस्ता डोंगरात शिरतो आणि केळी एकदम संपते. अक्षरशः एका वळणानंतर हिरवा रंग जाऊन साग, सालई, धावडा, अंजन, पळस असं करडं-पिवळं रान सुरू होतं. वाटेत गारबर्डीचं धरण लागतं, सुकी नदीवरचं. पाण्यावर बदकं उतरलेली, लेकीने दुर्बीण काढली ती दुपारपर्यंत गळ्यातून उतरवली नाही.

पाल हे सातपुड्यातलं छोटं थंड गाव, जळगाव जिल्ह्याचं थंड हवेचं ठिकाणच म्हणा, पावरा, भिल्ल, तडवी अशी वस्ती, फॉरेस्टचं विश्रामगृह आहे. यावल अभयारण्य 1969 साली जाहीर झालं, साधारण 177 चौरस किलोमीटर, उत्तरेला मध्य प्रदेशची हद्द. मोठ्या व्याघ्र प्रकल्पासारख्या जिप्सी, गेट, बुकिंग असली गर्दी इथे नाही. परवानगी घेतली आणि पालमधलाच एक पावरा तरुण, जो जंगलात मजुरीची कामं करतो, सोबत घेतला. 

वाघ दिसणार का हा प्रश्न बायकोने विचारला तर तो म्हणाला, "ताई, इथं अस्वल, बिबट्या, तरस, भेकर, नीलगाय आहे, वाघ इकडून जातो-येतो पण राहत नाही." वाघाची खरी कथा पूर्वेला आहे, मुक्ताईनगरच्या डोलारखेडा-वढोद्याच्या जंगलात, तिथे पूर्णा नदीकाठच्या केळीच्या बागांत वाघ राहतात, कारण केळीत गारवा, पाणी आणि रानडुक्कर तिन्ही मिळतं. यावल हे मेळघाटकडून पश्चिमेला येणाऱ्या वाटेवरचं जंगल आहे, त्यामुळे हे टिकलं तरच ती वाट टिकेल.

आम्हाला काय दिसलं? वारुळं उकरलेली, तो म्हणाला हे अस्वलाचं काम, आणि एका झाडाच्या खोडावर वरपर्यंत नखांचे ओरखडे, मधासाठी चढलेलं. ओढ्याच्या ओल्या वाळूत बिबट्याचा ठसा, चार बोटं गोल आणि नखं नाहीत, कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. एकदा भेकर भुंकलं, कुत्रं भुंकावं तसंच पण जास्त खरखरीत, सगळे जागेवर थिजलो. वानरं तर पावलोपावली.

पण मी गेलो होतो ते रानपिंगळ्यासाठी. हा छोटा घुबड पक्षी 1884 नंतर कुणाला सापडलाच नाही, जगातून संपला असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, मधल्या काळातली एक नोंद होती तीसुद्धा एका इंग्रज अधिकाऱ्याने म्युझियममधून चोरलेल्या नमुन्याला खोटं ठिकाण चिकटवून केलेली निघाली. आणि मग नोव्हेंबर 1997 मधे पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अबॉट या अमेरिकन अभ्यासकांना तो शहाद्याजवळ दिसला. शहादा म्हणजे आपल्याच खान्देशात, याच सातपुड्याच्या पायथ्याला! 113 वर्षांनी. त्यानंतर जिथे जिथे तो सापडला त्यात हे यावलचं जंगलही आहे. दिवसा बाहेर पडतो, उघड्या फांदीवर बसतो आणि शेपटी झटकत राहतो.

एका वठलेल्या सालईवर घुबड दिसलं तेव्हा माझं काळीज लकाकलं, पण सोबतच्या पोराने दुर्बीण न घेताच सांगितलं की हा साधा पिंगळा आहे, डोक्यावर बघा, पांढरे ठिपके भरलेत, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ साफ असतं, पंखावर जाड पट्टे आणि पायावर पांढरी पिसं. त्याला हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं, पक्ष्यांवर काम करणाऱ्या लोकांबरोबर हिंडून तो शिकला होता. रानपिंगळा शेवटपर्यंत दिसला नाही.

त्याऐवजी जे दिसलं ते जास्त लक्षात राहिलं. आतल्या बाजूला डोंगराचा एक अख्खा उतार उघडा, सागाची कापलेली खुंटं आणि मधे नांगरट. यावल अभयारण्यात अतिक्रमणाचा प्रश्न फार जुना आणि फार गुंतागुंतीचा आहे, जामन्या, गाडऱ्या, लंगडा आंबा या भागाची नावं त्यामुळेच बातम्यांत येतात. एकीकडे पिढ्यान्पिढ्या रानात राहणाऱ्या आणि वनहक्काचा खरा दावा असलेल्या पावरा-भिल्ल कुटुंबांचा हक्क, दुसरीकडे बाहेरून येऊन झाडं तोडणाऱ्यांच्या टोळ्या, आणि दोघांना एकाच मापाने मोजलं की पहिल्यांवर अन्याय होतो आणि दुसरे सुटतात. तो पोरगा म्हणाला, "साहेब, आम्ही मोहाचं झाड तोडत नाही, ते आम्हाला खायला देतं." मी तिथे उभा राहून खाली बघितलं तर लांबवर केळीचा हिरवा पट्टा दिसत होता. हा उतार असाच उघडा राहिला तर पाऊस माती घेऊन धावत सुटणार, जिरणार नाही, आणि मग दादाचं बोअर अजून किती खाली जाईल? खालच्या माणसाला वरच्या खुंटाशी आपला संबंध आहे हे वाटतच नाही, यावलच्या बाजारात कुणी त्यावर बोलताना मी ऐकलं नाही. तापीच्या महाकाय पुनर्भरण योजनेवर मात्र सगळे बोलतात, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात 2025 मधे त्याचा करार झाला, आणि नदीचं पाणी या बझाड्यात मुरवायची ती कल्पना चांगलीच आहे. पण जे जंगल फुकटात तेच काम करतंय ते आधी राखा ना.

रात्र पालला काढली. थंडी यावलपेक्षाही जास्त, आभाळ चांदण्यांनी गच्च.

चौथा दिवस : मनुदेवी आणि परतीचा प्रवास

पालहून उतरून परत यावलकडे आणि तिथून पश्चिमेला आडगावच्या पुढे मनुदेवी. खान्देशातल्या कितीतरी घरांची ही कुलदेवी, मावशीकडचीही. मंदिर सातपुड्याच्या कुशीत, तिन्ही बाजूंनी कडे आणि समोर धबधबा. पावसाळ्यात तो दणदणीत कोसळतो, आत्ता एक बारीक धार होती पण होती, हेच खूप. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते, आम्हाला निवांत दर्शन झालं. माकडांपासून नारळ सांभाळा आणि प्लास्टिक खाली घेऊन या, नाल्यात पिशव्या अडकलेल्या बघून दादाने आणि लेकीने मिळून एक पोतंभर गोळा केल्या.

येताना गाडीत मी कालचा उताराचा फोटो दादाला दाखवला. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आमच्या केयीले पानी लागते तं आमीच पाह्यलं पाह्यजे ना भो." त्याच्या कोरड्या विहिरीत शेताजवळच्या नाल्याचं पाणी गाळून सोडायचं, मधे दगड-वाळूचा खड्डा करून, असं गटातल्या शेतकऱ्यांचं आधीपासून बोलणं चालू होतं, आता पावसाळ्याआधी ते करायचंच असं त्याने ठरवलंय. खर्च कुणी किती उचलायचा यावर भुसावळ येईपर्यंत त्याची फोनवर शेजाऱ्याशी चर्चा चालली होती.

मावशीने निघताना बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, कळण्याचं पीठ आणि केळीची एक अख्खी फणी बांधून दिली. कुणाला जायचं असेल तर भरीत आणि थंडीसाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम, धबधब्यासाठी ऑगस्ट, आणि उन्हाळ्यात सकाळी दहानंतर बाहेर पडायचा विचारही करू नका. पालच्या पोराने सांगितलंय की मार्चमधे पानगळ पूर्ण झाली की रानपिंगळा शोधणं सोपं जातं, उघड्या फांद्यांवर लांबून दिसतो, त्यामुळे लेकीची परीक्षा संपली की परत पाल, आणि विश्रामगृहाची चौकशी आत्ताच करून ठेवलीय.